जाड जॅकेट कोणतं घेऊ? आधी घामाचं काय करायचं ते ठरवूया

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पहिल्यांदाच बर्फातल्या पाच-सहा दिवसांच्या ट्रेकला जाताय, दिवसा तापमान शून्याच्या आगेमागे आणि रात्री उणे दहापर्यंत, तर एकच चांगलं जाड जॅकेट घेतलं तर भागेल का. आणि जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की मागच्या थंडीत चढताना घामाने अंग भिजलं आणि वर जाऊन बसल्यावर दहा मिनिटांत दात वाजायला लागले, ते नक्की कशामुळे. मी बरीच वर्षं हिवाळी ट्रेकवर ग्रुप घेऊन जातोय, आणि माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

शांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं. तोच माणूस पाठीवर सॅक घेऊन चढ चढायला लागला की हा आकडा सहज 500 च्या आसपास जातो, जोर लावला तर त्याच्याही वर. म्हणजे अर्ध्या तासाच्या अंतराने तुमच्या अंगातली उष्णता पाचपट वाढते किंवा पाचपट कमी होते, आणि बाहेरचं तापमान मात्र तेवढंच असतं. कपडे स्वतः ऊब तयार करत नाहीत, रजई जशी स्वतः गरम नसते तसंच, ते फक्त अंगाची ऊब अडवून धरतात. मग बसलेलं असताना पुरेल एवढं जाड जॅकेट घालून तुम्ही चढायला लागलात तर शरीराकडे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. म्हणून एकच जॅकेट दोन्ही वेळेला योग्य असूच शकत नाही, कितीही महागातलं घ्या.

आता घाम आला तर बिघडलं काय? थांबलात की उष्णता तयार होणं एकदम कमी होतं, पण भिजलेले कपडे वाळत राहतात, आणि एक लिटर घामाची वाफ व्हायला साधारण 580 किलोकॅलरी लागतात, त्यातला मोठा वाटा तुमच्याच अंगातून जातो. शिवाय स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता साधारण 25 पट जास्त वेगाने वाहून नेतं, म्हणजे कपड्याच्या धाग्यांमध्ये जिथे हवा असायला हवी तिथे पाणी भरलं की तो कपडा अंगावर असून नसल्यासारखा. त्यात वर खिंडीत किंवा माथ्यावर वारा असतोच. तुमचे दात वाजले ते ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून. आणि हे फक्त बर्फातच होतं असं अजिबात समजू नका, शून्याच्या वर पाच-सात डिग्रीला पाऊस आणि वारा असेल आणि माणूस आतून ओला असेल तर शरीराचं आतलं तापमान 35 च्या खाली जायला, म्हणजे हायपोथर्मिया व्हायला तेवढं पुरतं.

त्यामुळे सगळं लक्ष कोरडं राहण्यावर ठेवा. थर घालायचे ते त्यासाठीच, की हवे तेव्हा काढता आणि चढवता यावेत.

अंगाला लागून जो थर असतो, बेस लेयर किंवा थर्मल म्हणतात तो, त्याचं काम ऊब देणं हे दुय्यम आहे, त्याने घाम कातडीवरून उचलून बाहेर द्यायचा असतो. इथे कॉटन नको, आणि हे मी फार ठासून सांगतो कारण वरून सगळं भारी घातलेलं आणि आत कॉटनची बनियन हा प्रकार जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये दिसतो. कॉटनचा धागा स्वतःच पाणी पितो आणि सोडायचं नाव घेत नाही. पॉलिएस्टर धाग्याच्या आत जवळजवळ काहीच शोषत नाही, अर्धा टक्काही नाही, त्यामुळे पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत राहतं आणि तिथून पसरून लवकर वाळतं. लोकरीचं वेगळंच आहे, ती स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेरही टाकते. मेरिनो लोकरीचा धागा बारीक असतो, थर्मलसाठी 17 ते 19 मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वापरतात, म्हणून ती टोचत नाही. मेरिनोला चार दिवस घातली तरी वास येत नाही हे लांबच्या ट्रेकवर फार मोठं सुख आहे, पण ती पॉलिएस्टरपेक्षा हळू वाळते आणि सॅकच्या पट्ट्याखाली घासून लवकर विरते. खूप घाम येणाऱ्यांना मी चालायला पातळ पॉलिएस्टर आणि झोपायला मेरिनो असं सांगतो. चालायचा थर पातळच घ्या, 150 जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा, आणि गळ्याला चेन असलेला मिळाला तर उत्तम. जाड 250 चं थर्मल तंबूत घालायला छान, चढताना नाही. आणि हो, अंतर्वस्त्रं पण कॉटनची नकोत, बायकांनी जाड पॅडची स्पोर्ट्स ब्रा टाळावी कारण ती दिवसभर ओली राहते आणि बरोबर छातीवर गार लागते. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्याच्यावर फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचं मऊ लवदार कापड. ते 1979 च्या सुमारास अमेरिकेतल्या माल्डन मिल्सने आणलं आणि तेव्हापासून मधल्या थरासाठी त्याला हरवेल असं स्वस्त आणि टिकाऊ काही मला तरी दिसलेलं नाही. पाणी धरत नाही, ओलं झालं तर पिळून झटकून परत घालता येतं. फ्लीसमधून वारा आरपार जातो अशी तक्रार लोक करतात पण चढताना तेच तर हवंय, वाफ बाहेर जाते. एक जाड फ्लीस घेण्यापेक्षा दोन पातळ घ्या, सकाळी दोन्ही, ऊन वर आलं की एक. आतून चौकड्या असलेलं ग्रिड फ्लीस मिळालं तर ते वजनाच्या मानाने गरमही असतं आणि मोकळंही.

मग वारा. उणे 10 तापमानात ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं लागतं, आणि एवढा वारा खिंडीत म्हणजे काहीच नाही. विंडचिलचा हा हिशोब पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी किती वेळात गोठतं ते मोजून सुरू केला होता, आता वापरतात ते सूत्र 2001 चं आहे. ह्यावर माझा आवडता कपडा म्हणजे साधं पातळ विंडचीटर, शंभर-दीडशे ग्रॅमचं, मुठीत मावणारं, आत कसलंही अस्तर नसलेलं. फ्लीसवर ते चढवलं की तेच फ्लीस दुप्पट गरम वाटतं, कारण आतली हवा हलायची थांबते. दिवसभरात मी सगळ्यात जास्त वेळा काढतो-घालतो ते हेच. खरेदीच्या यादीत मात्र ते कुणाच्याच नसतं.

वॉटरप्रूफ शेल, म्हणजे सगळ्यात वरून घालायचं पाणी अडवणारं जॅकेट, वेगळं, ते पावसासाठी आणि ओल्या बर्फासाठी. बॉब गोर यांनी 1969 मध्ये पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला आणि 1976 पासून गोअर-टेक्स बाजारात आलं, त्यानंतर तसे बरेच पडदे निघाले. सगळ्यांचं तत्त्व एकच, पाण्याचा थेंब आत येऊ नये पण वाफ बाहेर जावी. पण वाफ बाहेर तेव्हाच जाते जेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि दमट असते, आणि तुम्ही चढताना जेवढा घाम काढता तेवढा कुठलाही पडदा बाहेर टाकू शकत नाही. त्यात वरच्या कापडावरची पाणी झटकणारी प्रक्रिया घासून गेली की कापड बाहेरून भिजतं, वाफेचा रस्ता बंद होतो आणि माणसाला वाटतं की जॅकेट गळतंय, खरंतर तो त्याचाच घाम असतो. म्हणून कापड पाण्याचा किती दाब सोसतं ते सांगणाऱ्या 10,000 की 20,000 मिलिमीटर ह्या आकड्यांपेक्षा काखेत चेन आहे का ते बघा. कोरड्या थंडीत बर्फ पडत नसेल तर शेल सॅकमध्येच राहू दे.

आता तुमचं जाड जॅकेट. हे थांबल्यावर घालायचं, चालताना नाही. पिसांचं म्हणजे डाउन की सिंथेटिक हा वाद कायम चालतो. वजनाला सगळ्यात गरम डाउनच, त्यात शंका नाही. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडात पिसं भरून कोट शिवून घेतला होता, बाकीचे ट्वीड आणि लोकरीत होते, पुढे सगळ्यांना त्याच वाटेने जावं लागलं. पण दुकानात 700 फिल, 800 फिल असं सांगतात त्याला भुलू नका. तो आकडा एक औंस, म्हणजे 28 ग्रॅम पिसं किती घन इंच फुलतात एवढंच सांगतो, आत पिसं किती भरलीत हे त्यातून कळत नाही. 800 फिलची 80 ग्रॅम पिसं असलेलं जॅकेट 600 फिलच्या 200 ग्रॅमवाल्यापेक्षा बरंच कमी गरम असणार, त्यामुळे लेबलवर भरलेल्या पिसांचं वजन शोधा. आणि पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात, ऊब संपली, डोंगरावर ती वाळतही नाहीत. सिंथेटिक, म्हणजे प्रायमालॉफ्टसारखं, जे मुळात 1980 च्या दशकात अमेरिकन सैन्यासाठी डाउनला पर्याय म्हणून बनवलं गेलं, ते जड आणि थोडं फुगीर असतं पण ओलसर झालं तरी बरीच ऊब टिकवतं.

तुमच्या बाबतीत माझा कौल सिंथेटिकला आहे. कारण दिवसा शून्याच्या आसपास बर्फ कोरडा राहत नाही, खांद्यावर पडला की वितळतो, आणि थांबल्यावर ते जॅकेट तुम्ही थोड्या दमट कपड्यांवरच चढवणार. उणे पंधरा-वीसच्या कोरड्या गारठ्याला जायचं असतं तर डाउनच म्हणालो असतो. कोणतंही घ्या पण एक साइज मोठं घ्या, टोपीसकट, म्हणजे अंगावर जे आहे, शेलसुद्धा, त्याच्यावरून ते सरळ चढवता येईल. विकत परवडत नसेल तर हे एक जॅकेट भाड्याने घ्या आणि पैसे बूट आणि हातमोज्यांवर घाला. बेस लेयरला तर व्यायामाचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट घरात असेल तोही चालतो.

एका ट्रेकवर चांगला दणकट, वेगाने चालणारा मुलगा होता, पहाटे निघताना डाउन जॅकेट अंगात आणि दोनदा सांगूनही काढायला तयार नाही, थंडी वाजतेय म्हणाला. खिंडीत पोचलो तेव्हा सॅक खाली ठेवली तर जॅकेटची पाठ पूर्ण ओली, पट्ट्यांच्या खाली पिसं चिकटून कापड पातळ पडलेलं, हात लावला तर आरपार अंग लागत होतं. वाऱ्यात तो एवढा कुडकुडायला लागला की त्याला स्वतःची चेन धरता येईना. त्याचे वरचे सगळे थर उतरवून माझा कोरडा टॉप आणि जादाचं सिंथेटिक जॅकेट त्याला घातलं, दोघांच्या मधे बसवलं, तरी अर्धा तास गेला त्याचं बोलणं नीट व्हायला. जॅकेट चांगलंच होतं त्याचं, फक्त ते दिवसभर सॅकमध्ये असायला हवं होतं.

म्हणून निघताना काय करायचं ते नीट सांगतो. निघायच्या दोन मिनिटं आधी जाड जॅकेट काढा, सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा, आणि थोडं कुडकुडतच चालायला लागा. पहिली दहा मिनिटं गार वाटलंच पाहिजे, तेव्हाच ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. दहा-पंधरा मिनिटांनी थांबून एक थर काढा, ग्रुप थांबत नसेल तरी थांबा. कपाळावर किंवा पाठीच्या कण्यावर ओल जाणवायच्या आधीच चेन उघडा, टोपी काढा, बाह्या वर करा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर वेग कमी करा. थंडीत वेग हासुद्धा एक कपडाच समजा. थांबायची जागा दिसली की शेवटची पाच मिनिटं मुद्दाम हळू चाला म्हणजे अंग जरा सुकतं. पोचल्यावर सॅक खाली, लगेच जॅकेट, चेन गळ्यापर्यंत, टोपी, मग पाणी, मग खाणं, फोटो सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, आधी फोटो, आणि थंडी वाजल्यावर जॅकेट, तोपर्यंत साठलेली ऊब निघून गेलेली असते आणि ती परत आणायला फार वेळ लागतो. आतला टी-शर्ट अगदीच पिळण्यासारखा ओला असेल तर बदला, नुसता दमट असेल तर वरून जॅकेट घाला, अंगाच्या उबेने तो वाळतो.

मापाबद्दल एक महत्त्वाचं. थरांवर थर घट्ट घातले तर हवाच दाबली जाते, मग चार थर असूनही गार लागतं. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचे कॅरिबूच्या, म्हणजे तिथल्या रेनडिअरच्या, कातड्याचे पारंपरिक कपडे सैल असतात, आतल्या थराची लव आत, बाहेरच्याची बाहेर, मधे हवा, आणि हालचाल वाढली की गरम हवा गळ्यापाशी मोकळी सोडायची. नॉर्वेचा ध्रुवीय शोधक आमुंडसेन 1903 ते 1906 मध्ये उत्तरेत त्यांच्याकडून हे शिकला आणि 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्याकडे तशाच पद्धतीचे फरचे कपडे होते. तुम्ही निघायच्या आठवडाभर आधी घरात सगळे थर एकावर एक घालून बघा, हात वर करा, उकिडवं बसा, वाकून बुटाची लेस बांधा. कंबर उघडी पडत असेल किंवा काखेत आवळत असेल तर आत्ताच बदला.

पायांना लोक फार कपडे घालतात. मांड्यांचे स्नायू काम करत असतात, तिथे चालताना एक साधी ट्रेकिंग पँट बहुतेकांना पुरते, वारा असेल तर आत पातळ थर्मल. अडचण अशी की आतलं थर्मल बूट काढल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे सकाळी घातलं की दुपारपर्यंत शिजत बसता. त्यापेक्षा बाजूला पूर्ण चेन असलेली वरची पँट बरी, बुटावरून चढते आणि उतरते.

पावलांसाठी नियम असा की बोटं बुटात हलली पाहिजेत. मापाच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले तर रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय जास्तच गार पडतात, मग माणूस तिसरा घालायला बघतो. एक पातळ आणि एक जाड लोकरीचा मोजा घालून बूट घ्यायला जा. झोपायचा मोज्यांचा जोड वेगळा आणि तो चालायला कधीच वापरायचा नाही, कितीही मोह झाला तरी. रात्री बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवा, बाहेर राहिले तर सकाळी लाकूड झालेले असतात.

हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा मिटन्स, म्हणजे चार बोटं एकत्र असणारे, कितीतरी गरम. पण त्यात चेन धरता येत नाही, म्हणून आत पातळ लाइनर, म्हणजे पाच बोटांचा आतला हातमोजा, आणि वर सैल मिटन, मनगटाला दोरी बांधून. काढलेला हातमोजा बर्फावर किंवा दगडावर ठेवू नका, वाऱ्याने एकदा गेला की गेला, जॅकेटच्या आत छातीशी ठेवा. लाइनरचा जादा जोड घ्याच.

डोक्यातून शरीराची अर्धी उष्णता जाते असं जे ऐकतो ते बरोबर नाही, डोकं पृष्ठभागाच्या साधारण 10 टक्के आहे आणि उष्णता जाते तीही त्याच हिशोबात. तरी टोपी फार कामाची, कारण ती दोन सेकंदांत घालता-काढता येते. गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखा ताणणारा गळपट्टा, घ्या, फक्त तो तोंडावर ओढून त्यात श्वास सोडत राहू नका, ओला होऊन गोठतो आणि गालाला चिकटतो.

एकमेकांचे चेहरे बघत राहा. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर पांढरट मेणासारखा डाग दिसला तर लगेच उघडा तळहात त्यावर ठेवून ऊब द्या, चोळू नका, बर्फाने तर अजिबातच नाही, त्याने कातडी फाटते. विंडचिल उणे 28 च्या खाली गेलं तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. आणि कोणी अडखळत बोलायला लागला, पाय ओढायला लागला, किंवा कुडकुडणारा माणूस एकदम शांत होऊन कोपऱ्यात बसला तर तो बरा झाला असं समजू नका, त्याला आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली चटई द्या, आणि ताबडतोब लीडरला सांगा.

परत आल्यावर थर्मल आणि शेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, धाग्यावर त्याचा थर बसतो आणि घाम ओढायचं कामच बंद पडतं. शेल साध्या सौम्य साबणाने धुऊन लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरच्या हलक्या आचेवर फिरवा, बाहेरचं पाणी झटकणं बरंचसं परत येतं. जाड जॅकेट दाबून पिशवीत भरून वर्षभर ठेवू नका, हँगरला मोकळं लटकवा.